‘वारं गेलं’ म्हणणं आता थांबवायला हवं

गोदाकाठचा: २९ ऑक्टोबरला, जागतिक स्ट्रोक दिनाला, मोबाइलवर मेंदूची चित्रं फिरतात. त्यातलं ‘स्ट्रोक’ आमच्या निफाडच्या मामीला कळत नाही. द्राक्षाचं डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, चालू असताना मामांच्या हातातला मग गळाला, तोंड वाकडं झालं. सगळे म्हणाले, वारं गेलं. आणि वारं म्हटलं की पुढचं ठरलेलंच: तेल चोळा, गोधडी टाका, गावठी औषधवाल्याकडे न्या. सकाळी अकराची गोष्ट, नाशिकला पोचले दिवेलागणीला. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देता येतं. मामांचा उजवा हात गेला तो गेलाच. मेंदूचा झटका म्हणा, लोक हार्ट अटॅकसारखी गाडी काढतील.

सावळघाट: शब्द बदलून घाट लहान होतो का? आमच्या पेठकडच्या पाड्यावरून १०८ ला फोन केला, तरी गाडी यायची, आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात, मग घाट ओलांडून नाशिक. सीटी स्कॅन केल्याशिवाय गुठळी आहे की रक्तस्राव हे कळत नाही, आणि रक्तस्रावात तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. मशीन तालुक्याला द्या, मग आम्हाला शहाणं करा.

गोदाकाठचा: तुमच्याकडचं मान्य. पण निफाडहून नाशिक तासाभरावर. मामांचा उशीर घरातच झाला.

सिडकोची सिस्टर: दोघंही झटका आल्यानंतरचं बोलताय. सगळ्यात मोठं कारण बीपी, आणि ते दुखत नाही हीच पंचाईत. ‘गोळी लागली की कायमची लागते’ म्हणून लोक महिनाभर खातात आणि सोडतात. वर शुगर, तंबाखू, मिश्री, कुणाचे हृदयाचे ठोके अनियमित. पाच-दहा मिनिटं जीभ जड झाली, हात लुळा पडला आणि आपोआप सुटला, तर माणूस देवाला नमस्कार करून मिसळ खायला जातो. अरे, तीच तर धोक्याची घंटा! त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

रविवार कारंजा: ही भीती विकायचीच कामं. हातापायाला मुंग्या आल्या की चला तपासणीचं पॅकेज घ्या. परवा झोपेत हात अवघडला, तर बायकोने मला हसायला लावलं, दोन्ही हात वर करायला लावले, वर ‘गोदावरीला पूर आला’ म्हणायला लावलं.

सिडकोची सिस्टर: वहिनींनी अगदी बरोबर केलं, झटक्यात तोंड, हात, बोलणं असंच तपासतात. किती पैसे लागले?

रविवार कारंजा: झोप गेली ना!

सावळघाट: बोटांना सुया टोचून रक्त काढा, झटका उतरतो, हा मेसेजही जागरूकता म्हणूनच फिरतो. त्यापेक्षा लोक अडाणी बरे.

सिडकोची सिस्टर: सुया शुद्ध थाप. मनाने ॲस्पिरिनही देऊ नका. पाणी पाजू नका, गिळता येत नसेल तर श्वासनलिकेत जातं. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ मात्र सांगता आली पाहिजे. ते ४.५ तास तिथून मोजतात.

गोदाकाठचा: आम्हालाही डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं. मामी म्हणाली, हातातला मग पडला तेव्हा. मग जरा थांबून म्हणाली, नाही, सकाळी चहाची कपबशीसुद्धा त्यांनी डाव्या हातात घेतली होती.