मदत हवी आहे: मुंबईला जाणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसचा, तोंडावर उजेड असलेला फोटो कुठून मिळेल?

नमस्कार मंडळी,

गाड्यांचे फोटो काढणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून थेट विचारते. मी नाशिकरोडला राहते. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन रेल्वे बघत फिरणं हा माझा छंद. इंजिनं सगळ्यात प्रिय, पण रस्त्यात एसटीची जुनी लाल गाडी किंवा उसाचा ट्रॅक्टर दिसला तरी पाय थांबतात. कॅमेरा कॅनन २००डी, लेन्स ५५-२५० मिमी.

अडलंय ते पंचवटीपाशी. बाबांनी नोकरीची बहुतेक वर्षं पंचवटीच्या पासावर काढली. ही गाडी १९७५ पासून धावतेय, आणि नाशिकच्या कितीतरी घरांचं घड्याळ तिच्यावर लागलेलं असतं. बाबा आता निवृत्त झालेत. त्यांच्या खोलीत लावायला पंचवटीचा एक मोठा फोटो द्यायचा आहे: इंजिन समोरून स्वच्छ दिसतंय आणि मागे डब्यांची रांग, असा. काढलेला हवा, नेटवरून उतरवलेला नको.

अडचण उजेडाची आहे. गाडी सकाळी सातच्या आसपास नाशिकरोडला येते आणि इगतपुरीकडे जाते. हा मार्ग साधारण नैऋत्येला जातो. म्हणजे इंजिनाचं तोंड नैऋत्येला आणि सूर्य डब्यांच्या मागून, पूर्वेकडून वर येणारा. समोरून फोटो घेतला की आकाश पांढरं, इंजिनाचं तोंड काळवंडलेलं आणि त्यात हेडलाइटचा भगभगीत गोळा. परतीची गाडी मुंबई सोडते संध्याकाळी सव्वासहाला. ती इथे पोचते तेव्हा रात्रीचे साडेनऊ उलटलेले असतात. शिर्डीची वंदे भारत मात्र सकाळी मुंबईकडून येते, उगवतीकडे तोंड करून, तिचे फोटो फारशी खटपट न करता छान येतात. पंचवटीच्या नशिबी हे सुख नाही.

तर विचारायचंय असं, की नाशिकरोड ते कसारा या पट्ट्यात अशी जागा किंवा असा हंगाम आहे का, जेव्हा मुंबईला जाणारी पंचवटी नीट उजळलेली मिळेल? हेडलाइटचं काय करायचं? आणि उभं कुठे राहायचं? मागे एका स्टेशनावर मला कॅमेरा पिशवीत ठेवायला सांगितलं गेलं, कारण विचारलं तर उत्तर मिळालं नाही. रुळांत उतरून किंवा लपूनछपून मला काहीच करायचं नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

---

लूपलाइन

ताई, तुमचं निदान बरोबर आहे, पण सूर्य वर्षभर एका जागी उगवत नाही. जूनमध्ये तो ईशान्येकडे सरकलेला असतो, म्हणजे नैऋत्येला जाणाऱ्या गाडीच्या जवळजवळ बरोबर पाठीशी. डिसेंबर-जानेवारीत तो आग्नेयेकडे झुकतो. तेव्हा ऊन गाडीच्या डाव्या अंगावर भरपूर पडतं. तोंड थेट उन्हात येत नाही, पण कडेने घेतलेल्या फोटोत अख्खी गाडी सोनेरी दिसते आणि तोंडावरची सावलीही मऊ असते.

दुसरी सोय अशी, की आपल्याकडे गाड्या डाव्या रुळावरून चालतात. तुम्ही मार्गाच्या आग्नेय बाजूला उभ्या राहिलात तर मुंबईची गाडी तुमच्या जवळच्या रुळावरून जाते, ऐन वेळी समोरून मालगाडी आली तरी ती पंचवटीच्या पलीकडे राहते.

फक्त थंडीत नाशिकरोडला थांबू नका. जानेवारीत सूर्यच सातच्या सुमाराला उगवतो. गाडीला थोडं पुढे जाऊ द्या, पाडळी-घोटी-इगतपुरीच्या बाजूला. तोवर ऊन चांगलं वर आलेलं असतं. नकाशा उघडा आणि रूळ थोडे दक्षिणेकडे वळतात असे तुकडे शोधा. अशा वळणावर जानेवारीचा सूर्य इंजिनाच्या तोंडावरही येतो. तुम्हाला हवी ती जागा तीच.

हेडलाइटसाठी: फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत) घ्या आणि एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली ठेवा, म्हणजे आत येणारा प्रकाश जवळजवळ निम्म्यावर. काळवंडलेला भाग नंतर वर काढता येतो, जळालेला पांढरा परत मिळत नाही. ऑटोफोकस हेडलाइटवर नेऊ नका. बिंदू खाली, कपलिंगच्या (गाडी जोडायच्या आकड्याच्या) आसपास धरा.

---

चिखलवाट

माझं मत थोडं वेगळं आहे. थंडीपर्यंत कशाला थांबायचं? मृग लागू द्या. ढगाळ आभाळात सूर्य कुठल्या बाजूला आहे याला काही अर्थच उरत नाही, उजेड सगळीकडून सारखा येतो. शिवाय पावसाळ्यात सूर्योदय सहाच्या सुमाराला, म्हणजे सातला हाताशी पुरेसा प्रकाश. इंजिनाचं तोंड स्वच्छ उजळतं, रंग धुतल्यासारखे दिसतात, आणि हेडलाइट लावून पावसातून येणारं इंजिन किती देखणं दिसतं हे मी सांगायला नको. घोटीपासून पुढे भातखाचरं पाण्याने भरलेली असतात, मागे सह्याद्रीची रांग. बाबांनी खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलेली पंचवटी हीच असणार.

वेगाचं गणित लक्षात ठेवा. ताशी ११० म्हणजे सेकंदाला सुमारे ३० मीटर. शटर १/५०० सेकंद ठेवलं तर तेवढ्यात गाडी ६ सेंटिमीटर पुढे सरकते, १/१००० ला ३. समोरून येणाऱ्या गाडीला १/८०० पुरतं, कडेने घेताना १/१२५० च्या खाली जाऊ नका. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ८००-१६०० झाला तर घाबरू नका, दाणे छापल्यावर फारसे दिसत नाहीत.

आणि तारांचे खांब! दोन खांबांत जास्तीत जास्त ७२ मीटर अंतर असतं, म्हणजे पूर्ण वेगातली गाडी ते दोन-अडीच सेकंदांत ओलांडते. आधी जाऊन रिकाम्या रुळाचा फोटो घ्या, कुठला खांब इंजिनाच्या कपाळात घुसतोय ते बघा, दोन पावलं सरका. नंतर वेळ मिळत नाही.

कॅमेऱ्याला शॉवर कॅप घाला. महागड्या रेनकव्हरपेक्षा पटकन निघते.

---

देवळालीकर

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. मी उभं राहण्याबद्दल लिहितो.

देवळाली टाळा. लष्कराचा परिसर आहे, तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र इथेच, आणि रणगाडे-तोफा लादलेली मालगाडी समोर आली तर कॅमेरा खाली ठेवायचा, यात चर्चा नाही. नाशिकरोडलाही नोटांचा छापखाना आहे, त्यामुळे भिंती, फाटकं, पहारा फ्रेममध्ये येणार नाही असं बघा. तुम्हाला कॅमेरा बंद करायला सांगणाऱ्याने कारण सांगायला हवं होतं, पण तिथे वाद घालून फायदा नसतो. प्लॅटफॉर्म तिकीट खिशात, ओळखपत्र सोबत, आणि आधी स्टेशन मास्तरांना भेटून दोन मिनिटं बोलायचं: मी इथलीच, घरासाठी फोटो काढतेय, प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभी राहू का? माझा अनुभव असा, की विचारणाऱ्याला बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. नाही म्हणाले तर निघायचं.

प्लॅटफॉर्मचा उतार संपतो तिथून पुढे एक पाऊलही नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली विनापरवाना हद्दीत शिरण्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी विजेवरची गाडी येताना फार आवाज करत नाही, आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लागला की मागच्या रुळाचं भान जातं.

पादचारी पुलावरून काढणार असाल तर मोनोपॉड, सेल्फी स्टिक, लांब छत्री अजिबात नको. खाली २५ हजार व्होल्टची तार आहे. शिवायची गरज नसते, जवळ गेलं तरी वीज उडी घेते.

---

लूपलाइन

देवळालीकरांशी पूर्ण सहमत. एक भर घालतो, घाटाबद्दल. कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना १:३७ चा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर. तिथे गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, वंदे भारत तेवढी बँकरशिवाय चढते. हे बघायला एक दिवस जरूर जा. पण पंचवटीच्या या फोटोसाठी घाट नको. बोगदे, कडे, झाडी, आणि उभं राहण्याजोग्या सुरक्षित जागा फार थोड्या.

सराव हवा असेल तर आपल्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राला येणारे कोळशाचे रेक (अख्ख्या मालगाड्या) पकडा. सावकाश चालतात, लांबलचक असतात, शटर १/३० वर आणून पॅनिंग (गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घेणं) शिकायला त्यासारखं काही नाही.

---

धागाकर्ती

मनापासून आभार सगळ्यांचे. बाजू बदलायची, म्हणजे आग्नेयेला उभं राहायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल रात्री नकाशा उघडून बसले. लहवित, अस्वली, पाडळी असं करत रूळ बोटाने तपासले आणि दक्षिणेकडे झुकणारे काही तुकडे टिपून ठेवले. त्यातले रस्त्याच्या पुलावरून दिसतात तेवढेच बघणार.

बाबांना फोटोचं अजून सांगितलेलं नाही. सहज विचारलं, की पंचवटी तुम्हाला कुठे सगळ्यात छान वाटायची? क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "पावसात, घोटी सोडल्यावर." त्यामुळे चिखलवाट यांचा सल्ला आधी. थंडीचा प्रयत्न त्यानंतर, तोही करणारच, कारण सोनेरी कडेचा फोटो मला स्वतःला हवा आहे.

एक शेवटचा प्रश्न. छपाई १२ बाय १८ इंचांची करायची आहे. २५० ला पूर्ण ताणून घेतलेला फोटो मऊ येतो असं मला दिसलंय. २०० च्या आसपास थांबून नंतर कापलेला बरा, की जवळ जाऊन १३५ ला घेतलेला?

---

चिखलवाट

१३५. लांबून ताणलेल्या फोटोत पावसाची धूसर हवा मध्ये येते आणि डबे एकमेकांवर चेपल्यासारखे दिसतात. तुम्हाला मागची रांग हवी आहे ना, मग जवळून घ्या. लेन्सचं छिद्र एफ ७.१ किंवा ८, प्रकाश कमी पडला तर ५.६. कापायची वेळ येऊ नये म्हणून फ्रेममध्ये आधीपासूनच वर थोडं आभाळ सोडा, पँटोग्राफ (तारेतून वीज घेणारा इंजिनावरचा सांगाडा) कापला जातो नाहीतर.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी घोटीला जाणारच आहे, रविवारी सकाळी. घरचे दोघे असतात बरोबर. यायचं असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, स्टेशन मास्तरांशी एकदमच बोलू.