वणव्याचा धूर किती उंच आहे, हे उपग्रहाला कसं कळतं?

बेएरियावाली:
९ सप्टेंबर २०२०ला वणव्यांच्या धुराने सॅन फ्रान्सिस्को बे एरियात आकाश नारिंगी झालं होतं, तो दिवस इथल्या मंडळींना आठवत असेलच. सकाळी दहाला घरात दिवे लावून बसलो होतो. आणि त्या दिवशी एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) म्हणावा तितका वाईट नव्हता. खरी वाट लागली ती पुढच्या एक-दोन दिवसांत. समुद्राकडच्या थंड हवेच्या थरामुळे धूर वरच अडकला होता म्हणे. पण उपग्रह तर वरूनच बघणार. त्याला १ किमीवरचा धूर आणि ५ किमीवरचा धूर वेगळा कसा कळतो?

तिरका_कॅमेरा:
सरळ खाली बघून नाहीच कळत, म्हणून तिरकं बघायचं. पीएचडीला असताना माझं निम्मं आयुष्य यातच गेलं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

नासाने १९९९मध्ये सोडलेल्या टेरा उपग्रहावर मिसर नावाचं उपकरण आहे. त्याला नऊ कॅमेरे: एक थेट खाली, चार पुढे, चार मागे. नाकासमोर बोट धरून एकेक डोळा मिटून बघा, बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडतं. तेच तत्त्व. साधारण ४५ अंशांच्या कॅमेऱ्यात ३ किमी उंचीवरचा धूर जमिनीच्या तुलनेत जवळजवळ ३ किमी सरकलेला दिसतो. एक पिक्सेल २७५ मीटरचा, म्हणजे अकरा पिक्सेल. सहज मोजता येतात.

घोळ वाऱ्याचा. या कॅमेऱ्यानंतर मधला कॅमेरा त्याच जागेवर यायला दीड मिनिट लागतं. उपग्रहाच्या वाटेने वारा सेकंदाला १० मीटर असला तर तेवढ्यात धूर ९०० मीटर सरकतो आणि उंचीही जवळपास तेवढीच चुकते. म्हणून मिंक्स या सॉफ्टवेअरमध्ये धुराच्या लोटाची कड माउसने गिरवायची आणि वाऱ्याची दिशाही आपणच दाखवायची. लोट आडवा, म्हणजे पूर्व-पश्चिम असेल तर वारा आणि उंची वेगळी काढता येते. उपग्रहाच्या वाटेनेच उत्तर-दक्षिण वाहणारा लोट दिसला की माझ्या कपाळाला आठ्या!

घाटमाथा:
एवढा खटाटोप कशाला? लेसर मारायचा ना सरळ.

तिरका_कॅमेरा:
मारतात की. कॅलिप्सो हा उपग्रह २००६ ते २०२३ तेच करत होता. उंची अगदी नेमकी, पण पट्टा जेमतेम शंभर मीटर रुंद. वणवा त्या रेघेखाली सापडला तर नशीब. मिसर ३८० किमी रुंद बघतो, पण जातो सकाळी, २०२०मध्ये साडेदहाच्या सुमारास जायचा. वणवे भडकतात दुपारी! ५ सप्टेंबर २०२०ला कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोजवळच्या क्रीक फायर या वणव्याने वादळी ढगच उभा केला, धूर १५ किमीच्या आसपास गेला. असला प्रकार सकाळच्या फेरीत कुठून दिसायला?

दुपारी सेंटिनेल-५पी हा युरोपचा उपग्रह जातो. त्यावरचं ट्रोपोमी हे उपकरण ७६० नॅनोमीटरच्या आसपास ऑक्सिजनने किती प्रकाश खाल्ला ते बघतं. धूर उंच असला की प्रकाश वरूनच परततो, वाटेत ऑक्सिजन कमी लागतो. खाली चकाकती जमीन असली तर मात्र ट्रोपोमीचा उंचीचा आकडा खाली घसरतो, म्हणून मी तो समुद्रावर जास्त मानतो.

बेएरियावाली:
भारी! मग मास्क लावायचा की नाही, हे यावरून ठरवू का?

तिरका_कॅमेरा:
अजिबात नाही. त्यासाठी जवळचा जमिनीवरचा सेन्सर बघा. ही उंची लागते धूर कुठे जाईल याचं मॉडेल चालवणाऱ्यांना: २ किमीवरचा वारा एकीकडे नेतो, ६ किमीवरचा भलतीकडेच.

घाटमाथा:
त्या दोन किमीवरच्या वाऱ्यानेच आमच्या नेवाडातल्या रीनोची वाट लावली असणार.