एरंडोलहून नाशिकच्या वाइनरींची सहल: महिना कोणता निवडावा आणि माळकरी सासऱ्यांना बरोबर न्यावे का?

अंजनीकाठ (एरंडोल):

नमस्कार. येत्या हंगामात नाशिकच्या वाइनरी पाहण्यासाठी दोन-तीन दिवसांची सहल आखत आहोत. खानदेशातल्या बहुतेक घरांप्रमाणे आमचेही नाशिकला जाणे आजवर सप्तशृंगीचा गड, त्र्यंबकेश्वर आणि एखाद्या नातेवाइकाचे लग्न यांपुरतेच राहिले आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यांत राहण्याची सोय आहे, हे ऐकून माहीत होते. परंतु पुण्याचे माझे भाऊ आणि वहिनी या वेळी तिकडेच भेटू म्हणाल्यामुळे आता खरोखर जाण्याचे ठरत आहे.

आम्ही दोघे, आठ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे असे एरंडोलहून निघू. सासरे माळकरी आहेत. त्यांनी विरोध केलेला नाही, उलट "तुम्ही तुमचे पाहा, मला गडावर सोडा" असे स्वतःच सांगितले. पण त्यांना एकीकडे ठेवून आपण दुसरीकडे मजा करावी, हे माझ्या मनाला पटत नाही. वाइनची चव घेण्यात आम्ही दोघे आणि भाऊ-वहिनी अशा चौघांपैकी तिघांनाच रस आहे, माझे यजमान घेत नाहीत. तेव्हा कोणत्या महिन्यात जावे, स्वतःच्या गाडीने जावे की रेल्वेने, आणि सासू-सासऱ्यांनाही दिवस कंटाळवाणा वाटू नये अशी आखणी कशी करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

बागलाणकर (सटाणा):

ताई, महिन्याचा प्रश्न आधी सोडवावा, कारण बाकीची आखणी त्यावरच अवलंबून आहे. आमच्या घरी खाण्याच्या द्राक्षांची बाग आहे, त्यामुळे वाइनरीवाल्यांपेक्षा शेतकऱ्याच्या नजरेने सांगतो.

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून वर्षात दोनदा छाटावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. त्यानंतर फुटणाऱ्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची तयारी होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते आणि तिच्यातून येणारे पीक वाइनच्या बागांत साधारण जानेवारी ते मार्च या काळात काढले जाते. पांढऱ्या वाइनची द्राक्षे बहुधा आधी येतात आणि लाल वाइनची नंतर. म्हणून वेलीवर घड, कारखान्यात द्राक्षांच्या क्रेट आणि टाक्यांत आंबवण्याची प्रक्रिया हे सगळे एकाच भेटीत पाहायचे असेल, तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा. मे महिन्यात गेलात तर छाटलेल्या वेली दिसतील. पावसाळ्यात हिरवळ सुंदर असते आणि गंगापूर धरणाचा परिसर तेव्हा खरोखर देखणा होतो, पण वेलीवर फळ नसते; द्राक्षे पाहायला म्हणून निघालेल्या मुलाला ते समजावणे कठीण जाते.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. बाजारातल्या थॉमसनसारखे लांबट, बिनबियांचे, टपोरे मणी तिथे मिळतील असे समजून लोक जातात आणि लहान मण्यांचे घट्ट घड पाहून हिरमुसतात. वाइनच्या जाती वेगळ्या असतात: पांढऱ्यात शेनिन ब्लांक आणि सोव्हिन्यॉन ब्लांक, लाल वाइनसाठी शिराझ, कॅबरने सोव्हिन्यॉन, झिनफँडेल. मणी लहान, साल जाड, आत बिया. रस जवळपास सगळ्याच द्राक्षांचा फिकट असतो. लाल वाइनला रंग येतो तो सालीतून, म्हणून ती सालींसह आंबवतात आणि पांढरी वाइन करताना रस आधीच वेगळा काढतात. मुलाला हे टाकीजवळ उभे राहून कळले, तर शाळेतल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहील. बागेतही फरक दिसेल. आमच्याकडे मांडव किंवा वाय आकाराचा आधार असतो, तिकडे बहुतेक ठिकाणी तारांवर सरळ उभ्या ओळी असतात. मात्र घडाला हात लावण्याआधी विचारावे. फवारणी झालेली असू शकते.

महिन्याइतकाच वारही महत्त्वाचा आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी उसळते, राहण्याचे दर चढतात आणि टेस्टिंगच्या टेबलावर प्रश्न विचारायला कोणी मोकळे नसते. मंगळवार ते गुरुवार गेल्यास हेच ठिकाण निवांत भेटते. 26 जानेवारी आणि 30 जानेवारी हे राज्यात ड्राय डे, म्हणजे दारूविक्री बंद असलेले दिवस असतात, ते टाळावेत. सुला फेस्ट हा संगीताचा मोठा कार्यक्रम फेब्रुवारीच्या आसपास असतो. ज्येष्ठ मंडळी बरोबर असताना त्या दिवसांत त्या बाजूला फिरकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भुसावळ जंक्शन:

सटाण्याच्या भाऊंनी हंगामाचे नेमके सांगितले आहे. मी प्रवासाचे सांगतो.

रेल्वेने जळगाव ते नाशिक रोड हे अंतर सुमारे 230 किलोमीटर आहे आणि गाडीनुसार तीन ते चार तास लागतात. सासू-सासऱ्यांसाठी हा प्रवास सोयीचा आहे. परंतु नाशिक रोड स्थानक शहराच्या आग्नेयेला आणि गंगापूरचे द्राक्षमळे पश्चिमेला आहेत, त्यामुळे उतरल्यावर सबंध शहर ओलांडावे लागते आणि पुढचे सर्व दिवस भाड्याच्या गाडीवर अवलंबून राहावे लागते. मळ्यांकडून संध्याकाळी परतताना आयत्या वेळी रिक्षा मिळेल, असे गृहीत धरू नये.

तुमच्या बाबतीत मात्र स्वतःची गाडी योग्य ठरेल, कारण तुमचे यजमान वाइन घेत नाहीत. सहलीतला सर्वांत अवघड प्रश्न तुमच्या घरातच सुटलेला आहे. रक्तात 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्याच गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चार-पाच प्रकारांचे घोट-घोट घेतले तरी वाइनमध्ये साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल असते, हे "टेस्टिंग म्हणजे काय पिणे का" असे म्हणणारे विसरतात. तुमच्या भावालाही हे आधीच सांगून ठेवावे, कारण पुण्याची गाडी तेच चालवत येणार असतील.

राज्यात वाइनसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे आणि कायद्याने परवानाही लागतो. एका दिवसाचा परवाना बहुधा विक्रीच्या ठिकाणीच मिळतो. वयाचा पुरावा सर्वांनी जवळ ठेवावा. टेस्टिंगची वेळ आणि दर निघण्यापूर्वी फोनवर विचारून नोंदणी करून ठेवावी, विशेषतः दिंडोरीच्या शाँदों वाइनरीसारख्या ठिकाणी, जिथे आधी न कळवता जाण्यात अर्थ नाही.

कान नदी (साक्री):

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. माळ घातलेल्या माणसाला वाइनरीत नेऊन "तुम्ही नुसते बसा" म्हणणे मला योग्य वाटत नाही. त्यांनी स्वतः गडाचे नाव काढले आहे, तर त्यांच्या शब्दाचा मान ठेवावा आणि देवदर्शन व वाइन एकाच दिवशी एकत्र करू नये.

बागलाणकर (सटाणा):

साक्रीच्या दादांचे म्हणणे दिवस वेगळे ठेवण्यापुरते मला बव्हंशी मान्य आहे. वाइनरीचे आवार मात्र बारसारखे नसते. बाग, उपाहारगृह आणि मोकळी जागा बघायला अनेक घरांतली वडीलधारी माणसे येतात. अखेर निर्णय काकांचा, पण त्यांना जागा कशी आहे हे सांगून विचारावे, आपणच त्यांच्या वतीने ठरवू नये.

मार्गाने हा पेच बराचसा सुटतो. एरंडोल, पारोळा, धुळे करत मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगावला यावे आणि तिथून थेट नाशिक न गाठता देवळा-कळवणमार्गे नांदुरीला जावे. पहिला दिवस पूर्ण गडाचा. 2018 पासून वर जायला फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे चढावर रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी आहे, त्यामुळे पायऱ्यांची चिंता राहत नाही. गडावर किंवा वणीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी दिंडोरीवरून नाशिककडे उतरावे. हा रस्ताच द्राक्षपट्ट्यातून जातो. काकांना बाग पाहण्यात रस असेल, तर रस्त्यालगत एखाद्या शेतकऱ्याला विचारून थांबता येईल. आमच्या भागात अनोळखी माणसालाही चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

दुपारी गंगापूर धरणाच्या बाजूला उतरावे. तिथे सुला, यॉर्क आणि सोमा एकमेकांपासून जवळ आहेत, म्हणून सगळ्या एकाच दिवशी उरकण्याचा मोह होतो. तो टाळावा. तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत जिभेला फरक कळेनासा होतो. प्रथमच जात असाल तर सुला पाहावी. 1999 साली सुरू झालेल्या या वाइनरीने 2005 मध्ये पाहुण्यांसाठी टेस्टिंग रूम उघडली आणि नाशिकचे वाइन पर्यटन खऱ्या अर्थाने तिथून उभे राहिले, त्यामुळे माहिती सांगण्याची पद्धत तिथे चांगली बसलेली आहे. संध्याकाळी टेस्टिंग तुम्ही तिघांनी करावे आणि त्या वेळी यजमानांनी बाकीच्यांना धरणाकडे नेऊन आणावे. तिसऱ्या सकाळी काकांना त्र्यंबकेश्वर, तुम्हाला हवी असल्यास आणखी एक वाइनरी, आणि दुपारी जेवून परतीचा प्रवास. इगतपुरीकडच्या ग्रोव्हर झांपा आणि व्हॅलोने या वाइनरी चांगल्या आहेत, परंतु त्या मुंबईच्या दिशेला असल्याने तीन दिवसांत त्यांचा आग्रह धरू नये.

अंजनीकाठ (एरंडोल):

सर्वांचे मनापासून आभार. सासऱ्यांना आखणी वाचून दाखवली. दिंडोरीच्या बागा पाहण्यास ते उत्सुक आहेत. टेस्टिंगच्या वेळी आपण धरणावर जाऊ, असे त्यांनीच ठरवून टाकले. आता एकच विचारायचे राहिले: चार-सहा बाटल्या घरी आणायच्या असतील तर कोणती काळजी घ्यावी? एकदा शहाद्याच्या नणंदेकडे जाऊन मग एरंडोलला परतण्याचाही विचार आहे.

सातपुडा (नंदुरबार):

ताई, शहाद्याला जायचे असेल तर नाशिकहून सापुताऱ्याचा रस्ता निसर्गरम्य आहे म्हणून कोणीतरी तो सुचवेल. बाटल्या गाडीत असतील तर तो रस्ता अजिबात घेऊ नये. सापुतारा गुजरातेत आहे, गुजरातेत दारूबंदी आहे आणि महाराष्ट्राचा परवाना किंवा बिल तिथल्या तपासणीत कामास येत नाही. सटाणा, ताहाराबाद, पिंपळनेर, साक्री असे राज्याच्या हद्दीतूनच यावे. बिल आणि परवाना गाडीत हाताशी ठेवावेत.

उष्णतेची काळजी त्याहून महत्त्वाची आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस आपल्याकडे दुपारचे ऊन चांगलेच तापते आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम होते. काही तासांत वाइनचा ताजेपणा जातो, फळाचा वास दबतो आणि शिजवल्यासारखी चव येते. थर्माकोलच्या खोक्यात, सीटखाली, एसीच्या हवेत आणाव्यात आणि जेवायला थांबल्यावर गाडी सावलीत लावावी. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांना फिरकीचे झाकण असते, त्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. बुचाच्या बाटल्या मात्र आडव्या ठेवाव्यात, म्हणजे बूच सुकत नाही.

शेनिन ब्लांकसारख्या पांढऱ्या वाइनच्या साध्या बाटल्या वर्ष-दीड वर्षात संपवाव्यात, साठवून त्या सुधारत नाहीत. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या फळीवर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असे म्हणतात, ती खोली 16 ते 18 अंशांची असते, आपली नव्हे. त्यामुळे तीही प्यायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. आणि शेवभाजीच्या तिखट रश्श्याबरोबर कडक लाल वाइन उघडू नये, तोंडाची आग वाढते. थोडी गोडसर, थंड शेनिन ब्लांक त्यासाठी बरी.