रॅले (नॉर्थ कॅरोलिना) : लीज रिन्यू करावी की घर बदलावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रॅले, केरी, मॉरिसव्हिल भागात राहणाऱ्यांचा, विशेषतः एवढ्यात अपार्टमेंट बदललेल्यांचा सल्ला हवा आहे.

आम्ही मॉरिसव्हिलमध्ये दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. लीज जानेवारीअखेर संपते. सध्याचं भाडं १,६९० डॉलर. परवा रिन्युअलचं पत्र आलं, बारा महिन्यांसाठी १,७९०. सगळंच महागलंय, हेही वाढणारच, असं म्हणून सही करायच्या बेतात होतो. तेवढ्यात नवऱ्याने कॉम्प्लेक्सची वेबसाइट उघडली, तर आमच्याच इमारतीत, आमच्याच फ्लोअर प्लॅनचं रिकामं युनिट १,६२० ला आणि वर एक महिना मोफत! म्हणजे दर एक तारखेला इमानेइतबारे भाडं भरणाऱ्यांकडून जास्त घ्यायचं आणि उद्या येणाऱ्याला पायघड्या.

लीजिंग ऑफिसात विचारलं. तिथली मुलगी गोड हसून म्हणाली, ती ऑफर नवीन भाडेकरूंसाठीच आहे, रिन्युअलचे आकडे सिस्टिममधून येतात.

आमची परिस्थिती : लेक तिसरीत आहे, वर्षाच्या मध्ये तिची शाळा बदलायची नाही. नवऱ्याचं ऑफिस आरटीपीत (रिसर्च ट्रँगल पार्क, इथला कंपन्यांचा मोठा परिसर), मी घरून काम करते. दोघंही एच-१बी वर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावर. मे महिन्यात सासूबाई-सासरे सांगलीहून येतील, ऑक्टोबरपर्यंत राहतील. नोटीस ६० दिवस आधी द्यायची आहे, म्हणजे विचार करायला फार वेळ नाही.

इथली भाडी खरंच उतरली आहेत का, की ही आमच्या कॉम्प्लेक्सपुरती जाहिरातबाजी आहे? कॉर्पोरेट कॉम्प्लेक्समध्ये घासाघीस चालते का? आणि बदलायचं ठरवलं तर खर्च वजा जाता हातात काही उरतं का?

– सोनटक्का

---

त्रिकोणी :

जाहिरातबाजी नाही, भाडी खरंच उतरली आहेत. थोडं मागे जाऊन सांगतो, कारण त्याशिवाय पुढच्या वर्षीचा अंदाज बांधता येणार नाही.

कोविडनंतर कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सीकडून इकडे लोंढा आला. त्यात एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आरटीपीत मोठा कॅम्पस करायची घोषणा केली. २०२१-२२ मध्ये भाडी अशी चढली की लोक अपार्टमेंट न बघता, नुसत्या व्हिडिओवर अर्ज भरत होते. व्याजदर तेव्हा तळाला होते, त्यामुळे प्रत्येक बिल्डरने इमारत काढली. अशी इमारत उभी राहायला दोन-अडीच वर्षं जातात. म्हणजे तेव्हा पाया घातलेल्या सगळ्या इमारती २०२३-२४ मध्ये एकदम बाजारात आल्या. ॲपलने दरम्यान आपलं काम पुढे ढकललं. माणसं येतच राहिली, पण किल्ल्या त्याहून जास्त झाल्या. डाउनटाउन रॅले, नॉर्थ हिल्स, डरहॅम, जिथे नव्या इमारतींची गर्दी आहे तिथे सवलती जास्त मिळतात. ऑस्टिन आणि नॅशव्हिलमध्येही हेच झालं.

आता मोफत महिन्याबद्दल. मालक सरळ १,४८५ भाडं का लावत नाही? (१,६२० गुणिले ११ भागिले १२ केलं की १,४८५ येतात.) कारण इमारतीची किंमत आणि तिच्यावरचं कर्ज लीजवर छापलेल्या भाड्यावरून ठरतं. छापील भाडं उतरलं की इमारतच स्वस्त होते. महिना फुकट दिला तर ती एक वेळची सूट धरली जाते. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की पुढच्या वर्षीची वाढ १,६२० वर लागणार, १,४८५ वर नाही. बदलायचं असेल तर हे डोक्यात ठेवून बदला.

आणि ही चैन कायमची नाही. मार्च २०२२ पासून फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर वाढवले, तेव्हापासून नव्या इमारतींची कामं आटली. आत्ताची रिकामी युनिट्स भरली की पुन्हा मालकाचे दिवस येतील. कधी, ते मी सांगणार नाही, तेवढं कळलं असतं तर मीच बिल्डर झालो असतो. पण आत्ता चांगला भाव मिळाला तर लांबची लीज घ्यावी, असं माझं मत.

---

धुळेकर_केरी :

भाडं म्हणजे दुसऱ्याचा हप्ता भरणं. टाउनहाउस घ्या आणि मोकळे व्हा.

---

मीठभाकर :

धुळेकर, सध्याच्या मॉर्गेज दराने याच भागातल्या टाउनहाउसचा हप्ता, एचओए (सोसायटीचा मेंटेनन्स) आणि टॅक्स धरून आकडा काढा आणि १,६९० शेजारी ठेवा. आणि दोघंही एच-१बी वर आहेत हो. धागा भाड्याचा आहे, भाड्यावरच राहू द्या.

सोनटक्का, मी गेल्या हिवाळ्यात बदललं. खर्चाचं सांगते. प्रत्येक प्रौढाची ॲप्लिकेशन फी, वर ॲडमिन फी, ट्रक आणि दोन माणसं, शिवाय दोन्हीकडचं भाडं एकाच वेळी चालू असतं तो आठवडा. चांगल्या मोठ्या सोफ्याने दारात हट्ट केला तर तोही खर्च. सगळं मिळून दीड हजाराच्या आसपास धरा. तुमच्या आकड्यांत वर्षाचा फरक ३,६६० येतो. म्हणजे दोनेक हजार उरतात, पण फक्त पहिल्या वर्षी.

मात्र जाहिरातीतल्या भाड्यावर जाऊ नका. व्हॅलेट ट्रॅश (दारातून कचरा नेण्याचे पैसे), पेस्ट कंट्रोल, सक्तीचं इंटरनेट पॅकेज, पार्किंग, हे सगळं मागाहून चिकटतं. दर महिन्याला खात्यातून एकूण किती जाणार, ते ईमेलवर लिहून मागा. आम्हाला एका ठिकाणी हा आकडा जाहिरातीपेक्षा बराच वर निघाला आणि तिथेच आम्ही नमस्कार केला.

डिपॉझिटचं : इथल्या कायद्याने वर्षाच्या लीजला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. घर सोडल्यावर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, आणि रोजच्या वापराने होणाऱ्या झिजेचे पैसे कापता येत नाहीत. निघताना प्रत्येक खोलीचा, ओव्हनच्या आतलासुद्धा, व्हिडिओ काढा.

---

गुलबक्षी_एनसी :

शाळेचं मी सांगते, कारण इथे बरेच जण फसतात. वेक काउंटीत, म्हणजे रॅले-केरी-मॉरिसव्हिलच्या आपल्या काउंटीत, शाळा पत्त्यावरून ठरते. रस्त्याच्या पलीकडे गेलात तरी शाळा बदलू शकते, आणि या भागातल्या काही शाळांवर कॅप आहे, म्हणजे नव्याने त्या हद्दीत येणाऱ्याला तिथे जागा मिळेलच असं नाही, दूरची शाळा मिळू शकते. काही शाळांचं वर्ष तर उन्हाळ्यातच सुरू होतं. तेव्हा अपार्टमेंट बघायच्या आधी काउंटीच्या वेबसाइटवर तो पत्ता टाका. काउंटीतल्या काउंटीत घर बदलून जुनीच शाळा ठेवायची असेल तर अर्ज करावा लागतो, पण बस मिळेल हे धरून चालू नका.

तुम्ही मॉरिसव्हिलमध्येच, त्याच इमारतीत दुसऱ्या युनिटमध्ये का जात नाही? पत्ता जवळपास तोच, शाळा तीच.

---

सोनटक्का :

गुलबक्षी, तेही विचारलं. त्याच कॉम्प्लेक्समधल्या ट्रान्सफरला वेगळी फी आहे आणि मोफत महिना त्यालाही लागू नाही. त्रिकोणी, छापील भाड्याचं गणित आज पहिल्यांदा नीट कळलं. पण 'सिस्टिममधून येतं' म्हणजे नक्की काय? माणूस ठरवत नाही का?

---

त्रिकोणी :

बऱ्याच मोठ्या कंपन्या भाडं ठरवायला सॉफ्टवेअर वापरतात. रोज भाव बदलतो, आणि लीज किती महिन्यांची त्यावरही बदलतो. याच धंद्यातल्या रिअलपेज या कंपनीवर ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने खटला भरला, तोही नॉर्थ कॅरोलिनातल्याच फेडरल कोर्टात, आणि आपलं राज्य त्यात सहवादी होतं. आरोप असा की स्पर्धक मालकांची आतली माहिती एकत्र करून सगळ्यांना भाडं सुचवलं जातं, मग स्पर्धा उरते कुठे. तुमचं कॉम्प्लेक्स काय वापरतं ते मला माहीत नाही, पण सॉफ्टवेअर सुचवतं आणि मॅनेजर फिरवू शकतो, हे लक्षात ठेवा. समोरच्या मुलीकडे तो अधिकार नसतो. मॅनेजरला ईमेल करा.

सरकारकडून मदतीची आशा नको. भाडेनियंत्रणाला या राज्यात १९८७ पासून कायद्यानेच बंदी आहे. किती वाढवावं याला मर्यादा नाही, त्यामुळे तुमची ताकद एकच : तुम्ही निघून गेलात तर जानेवारीच्या थंडीत त्यांना नवीन माणूस शोधावा लागेल, तोवर युनिट रिकामं, वर रंग, साफसफाई आणि एक मोफत महिना. हे त्यांना कळतं. ईमेलमध्ये त्यांच्याच वेबसाइटचा स्क्रीनशॉट आणि शेजारच्या दोन कॉम्प्लेक्सचे दर जोडा. रागाचं एक वाक्यही नको.

---

मीठभाकर :

आणि १,६२० मागा, १,६५० वर तडजोड करा. तुम्हाला शाळा सोडायची नाही हे मात्र त्यांना सांगू नका!

---

सोनटक्का :

ईमेल पाठवला होता, आज उत्तर आलं. बारा महिन्यांना १,६९०, म्हणजे वाढ रद्द. पंधरा महिने घेतले तर १,६४५. मोफत महिना नाहीच. पंधरा महिन्यांचा मोह होतोय, फक्त नोकरीचं काही झालं तर काय, एवढीच धास्ती आहे.

---

त्रिकोणी :

शाळेच्या हद्दीतून न हलता १,६४५ म्हणजे चांगला भाव आहे, मी घेतला असता. पंधरा महिन्यांत लीज एप्रिलअखेर संपेल, तेव्हा घरांची मागणी चढत असते आणि घासाघिशीला आत्ताइतका वाव नसेल. तरी दर महिन्याचे ४५ डॉलर आत्ता हातात येतात. लीज मध्येच मोडायची किंमत किती, हे सही करण्याआधी बघा. बऱ्याच ठिकाणी ६० दिवसांची नोटीस आणि दोन महिन्यांचं भाडं असतं. तो कलम लीजमध्ये नसेल तर घालून घ्या. एच-१बी वाल्यांना पंचेचाळीस डॉलरपेक्षा त्याची गरज जास्त.

---

गुलबक्षी_एनसी :

आणि सासूसासरे येणार आहेत ना? पाहुण्यांचा कलम वाचा. पुष्कळ लीजमध्ये चौदा दिवसांहून जास्त राहणाऱ्याला ऑफिसची परवानगी लागते. आत्ता रिन्युअलच्या वेळी तुम्हाला हवंय ते ऐकतील, मे ते ऑक्टोबर दोन ज्येष्ठ नागरिक राहतील असं त्याच ईमेलमध्ये कबूल करून घ्या. माझे आईबाबा आले तेव्हा पार्किंग पासपासून पूलच्या किल्लीपर्यंत सगळं त्यावरच अडलं होतं.