अ‍ॅग्नेस स्मेडली : हेर म्हणून बाजूला सारायची का?

जास्वंदी
डॉ. कोटणीस आपल्याला शाळेपासून माहीत असतात, सोलापूरचा मुलगा चीनला गेला आणि १९४२ ला तिथेच वारला. पण ते ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून गेले ते पथक निघालं कसं? १९३७ च्या शेवटी चिनी कम्युनिस्ट सैन्याचे सेनापती झू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले, त्यामागे अमेरिकन पत्रकार-लेखिका अ‍ॅग्नेस स्मेडलीचा आग्रह होता, तिने स्वतःही नेहरूंना लिहिलं. जन्म १८९२ चा, मिझुरीतला, लहानपण कोलोरॅडोच्या खाणवस्त्यांत, आई लोकांचे कपडे धुवून घर चालवायची. शाळा धड पूर्ण नाही. आणि हीच मुलगी १९१८ मध्ये न्यूयॉर्कला भारतीय क्रांतिकारकांना मदत केली म्हणून तुरुंगात गेली! माझं म्हणणं एवढंच की आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासात तिला हक्काची जागा हवी.

कातळ
जागा द्या, पण पूर्ण हिशोब मांडून. त्या क्रांतिकारकांकडे जर्मन पैसा येत होता. पुढे शांघायमध्ये ती रिचर्ड झोर्गेच्या वर्तुळात होती, झोर्गे म्हणजे सोव्हिएत लष्करी हेर, आणि ओझाकी या जपानी पत्रकाराची त्याच्याशी गाठ हिनेच घालून दिली. १९४४ ला जपानने झोर्गे आणि ओझाकी दोघांना हेरगिरीसाठी फाशी दिली. पत्रकार म्हणून वर्तमानपत्राला बातम्या पाठवायच्या आणि दुसरीकडे हे, मग वाचकाने तिच्या लिखाणावर विश्वास कसा ठेवायचा?

पाऊलवाट
कातळ, झोर्गेचं मान्य. पण ती कम्युनिस्ट पक्षाच्या शिस्तीत कधी बसलीच नाही हो, येनानमध्ये, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या तळावर, तिने चिनी पक्षाचं सदस्यत्व मागितलं तर त्यांनीही नाही म्हटलं. तिथे ती काय करत होती? उंदीर मारायची मोहीम काढली, पुढाऱ्यांना नाच शिकवला, त्यावरून तिथल्या बायका भडकल्या. हुकूम पाळणारं माणूस असं वागत नाही.

कातळ
शिस्त नसणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे. आणि वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे भाऊ, ज्यांच्यासोबत ती बर्लिनमध्ये कित्येक वर्षं राहिली, ते १९३७ ला सोव्हिएत राजवटीकडून मारले गेले. ज्या राजवटीने हे केलं तिच्यासाठी काम केलेल्या बाईला आपण डोक्यावर घ्यायचं?

जास्वंदी
चट्टोंचा, म्हणजे चट्टोपाध्यायांचा, विषय काढलात ते बरं झालं. १९२९ ची तिची ‘डॉटर ऑफ अर्थ’ वाचा, कादंबरी आहे पण बरीचशी तिचीच गोष्ट. त्यातल्या नायिकेवर, मेरीवर, चळवळीतलाच एक माणूस जबरदस्ती करतो आणि पुढे तीच गोष्ट तिच्या भारतीय नवऱ्याशी असलेल्या संसाराच्या मुळावर येते, बदनामी कुणाची तर तिची! आपल्या देशासाठी जेलमध्ये गेलेल्या बाईने आपल्याच माणसांबद्दल हे लिहिलंय, ते आपल्याला झोंबतं, आणि मला वाटतं हेर हेर म्हणून ओरडलं की हे वाचावं लागत नाही. दुसरं, तुरुंगात असताना तिने शेजारच्या कोठड्यांतल्या बायकांवर लिहिलं, आणि तिच्यावरच्या आरोपांत संततिनियमनाची माहिती वाटल्याचाही आरोप होता, अमेरिकेत संततिनियमनाची चळवळ चालवणाऱ्या मार्गारेट सँगर तिच्यासाठी धावल्या होत्या. र. धों. कर्व्यांचं काम सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे ही.

कातळ
कादंबरी वाचलीये, आईचे हात तिने ज्या पद्धतीने दाखवलेत ते विसरता येत नाही. लेखिका म्हणून माझी काहीच तक्रार नाही. पण झोर्गेचं प्रकरण तळटीपेत ढकलू नका.

पाऊलवाट
तळटीपेत नकोच, मुख्य मजकुरातच घ्या, पण सगळंच घ्या. १९४९ मध्ये अमेरिकन लष्कराच्या रिपोर्टात तिला सोव्हिएत हेर म्हटलं, तिने जाहीर आव्हान दिलं आणि काही दिवसांतच लष्कराने माघार घेतली. तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं, ती इंग्लंडला गेली आणि १९५० ला ऑक्सफर्डमध्ये वारली. झू दे यांचं चरित्र अपुरंच हातात, ते १९५६ ला छापलं गेलं.

जास्वंदी
कातळ, तुम्ही म्हणता तसं झोर्गेसकट लिहूया, माझी तयारी आहे. पण मग कोटणिसांच्या धड्यातही तिचं नाव आलं पाहिजे, ते तुम्हाला मान्य आहे का?