हीलीच्या हातातला कॅच देवाने सोडवला काय?

उजवा बॅक

बरेच दिवस मनात घोळालंय म्हणून लिहालोय, लांबड लागणार, आधीच सांगतो. मी बेळगावच्या कॅम्पातला, घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, घरात मराठी, शाळेत कन्नड, मैदानावर उर्दू-हिंदी, आणि चर्चच्या मागच्या बाकावर सगळी मिसळ. फुटबॉल आमच्यात दुधाबरोबर पाजतात. शनिवारी मॅच, रविवारी उपासना, उपासना सुटली की बाहेर चहा घेत परत शनिवारचीच मॅच.

तर ३० ऑक्टोबर २०२५, बायकांच्या क्रिकेट वर्ल्डकपची सेमी, नवी मुंबई. ऑस्ट्रेलिया ३३८. आई सोफा सोडून खाली चटईवर, कारण ती खाली बसली की विकेट पडत नाही हा तिचा शोध (पास्टरांना सांगू नका). आपली जेमिमा रॉड्रिग्ज १२७ नॉटआउट, पाच विकेट राखून जिंकलो. मग ती रडत रडत बोलली ते सगळ्यांनी ऐकलंय, की येशूचे आभार, माझ्या एकटीच्यानं हे झालं नसतं, आणि शेवटी शेवटी मी बायबलमधलं वचन म्हणत होते, स्थिर उभी राहा, देव माझ्यासाठी लढेल. निर्गम १४, तांबड्या समुद्राच्या काठचं. आई रडाली, मी पण रडालो, शेजारचे काका कुंदा घेऊन आले आणि तेही रडाले.

पण रात्री झोप येईना. जेमिमा ८२ वर असताना ऑस्ट्रेलियाची कीपर हीलीने सोपा कॅच सोडला होता. १०६ वर मॅकग्राने अजून एक. आता देव लढला म्हणजे नक्की काय केलं त्यानं? हीलीच्या ग्लव्हजमधून बॉल काढून घेतला काय? हीली कुणाची लेक नाही?

आणि खरं सांगायचं तर हे हीलीचं नाहीच, माझ्या धाकट्या भावाचं आहे. गोलकीपर. हाफ सुरू व्हायच्या आधी बुटाच्या स्टडनं गोललाइनवर छोटा क्रूस काढायचा, मग ग्लव्हज घालायचा. दोन वर्षांमागं इथल्याच एका टूर्नामेंटच्या सेमीला वन-ऑन-वनला बाहेर आला, पाय मातीत रुतला आणि गुडघा फिरला. एसीएल, गुडघ्यातलं लिगामेंट. अख्ख्या चर्चने प्रार्थना केली, आई चाळीस दिवस एकच वेळ जेवली. ऑपरेशन झालं, गुडघा काय पहिल्यासारखा आला नाही, खेळ संपला. त्याच चर्चचा एक पोरगा समोरच्या टीमचा कॅप्टन. त्यांनी कप नेला. पुढच्या रविवारी तो माइकवर उभा राहून म्हणाला, प्रभूने आम्हाला कप दिला, हालेलुया. भाऊ तिसऱ्या बाकावर, क्रचेस भिंतीला टेकवलेल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं पण वाजवल्या.

त्या दिवसापासून मी चर्चला जातोय पण साक्षीची, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची, वेळ आली की बाहेर गाडी बघायला जातो. माझं म्हणणं एवढंच, आभार माना, खुशाल माना, पण "देवाने जिंकवलं" ही साक्ष मैदानाच्या बाबतीत बंद करा. शिव्या घालायच्या तर घाला, पण विचार करून घाला.

संडेस्कूल अक्का

बाळा, शिव्या नाही घालत, पण चुकतोयस. त्या पोरीचं बोलणं परत ऐक. देवाने ऑस्ट्रेलियाला पाडलं असं ती म्हणाली काय? माझ्या एकटीच्यानं झालं नसतं म्हणाली. ह्या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याच वर्ल्डकपमध्ये ती दोनदा शून्यावर गेली, इंग्लंडविरुद्ध बाहेर बसवलं, रोज रडत होते म्हणाली. असं माणूस आभार मानताना तू मध्ये हिशेबाची वही घेऊन उभा राहणार? साक्ष म्हणजे ऑडिट नव्हे रे. आणि वचन म्हणून तिनं बॅट टाकून दिली नाही, धावा पळूनच काढल्या.

दुसरं, तुझ्या भावानं टाळ्या का वाजवल्या हे तू त्याला विचारलंस? का स्वतःच ठरवलंस?

थर्ड अंपायर

मी देव मानत नाही, तरी पण धागाकर्त्याशी सहमत, आणि त्याच्यापेक्षा एक पाऊल पुढं. कॅच सुटतात. प्रेशर असतं, हात घामेजतात, प्रार्थना न करता पण सुटतात. ती वचन म्हणत होती त्याचा उपयोग नक्की झाला असणार, पण तो श्वास जाग्यावर यायला झाला, समुद्र दुभंगायला नाही. कुणी वचन म्हणतो, कुणी क्रीजवर तीनदा बॅट आपटतो, तुमच्या आई चटईवर बसतात.

मुख्य घोळ असा आहे की माइक फक्त जिंकणाऱ्याच्या हातात देतात. हरणाऱ्याची प्रार्थना कुठं रेकॉर्डच होत नाही. आणि मॅराडोना आठवा, २२ जून १९८६, हातानं गोल मारला, ट्युनिशियाच्या रेफ्रीला दिसला नाही, आणि हे महाराज म्हणाले थोडं माझं डोकं, थोडा देवाचा हात. कॅम्पातल्या अर्ध्या पोरांच्या खोलीत त्याचा फोटो आहे. चोरीला देवाचं नाव दिलं तरी चालतंय म्हटल्यावर साक्षीचा भाव काय राहिला?

संडेस्कूल अक्का

मॅराडोनाचं उत्तर मला कशाला मागतोस, तो काय माझ्या वर्गात नव्हता.

खानापूरचा पाव्हणा

मी हिंदू माणूस, मध्ये तोंड घालू काय ठाऊक नाही, पण घालतोच. आमच्या गावात कबड्डीच्या फायनलला दोन्ही टीम एकाच मारुतीला नारळ फोडतात. पुजारी दोन्ही नारळातलं अर्धं अर्धं ठेवून घेतो आणि दोन्ही कॅप्टनला सांगतो, कौल चांगला आहे. आजवर कुठला हरलेला कॅप्टन नारळ परत मागायला गेलेला नाही. म्हणजे लोकांना आतून माहीत असतंय की ओ की नारळ कपासाठी नसतोय. मग कशासाठी असतोय ते मला पण सांगता येत नाही, पण न फोडता मैदानात उतरलं की पाय जड होतात एवढं खरं.

निपाणी एक्सप्रेस

माझा वेगळा मुद्दा. इंडियाची जर्सी घालून कुठल्याच देवाचं नाव घेऊ नये. फुटबॉलमध्ये बंदी आहे ना? खेळ सगळ्यांचा. घरी जाऊन काय करायचं ते करा.

उजवा बॅक

@निपाणी, अर्धवट माहिती. बंदी आहे ती कपड्यावरच्या घोषणेला, कायदा ४, आतल्या बनियनवर पण धार्मिक, राजकीय, वैयक्तिक काय लिहिलेलं दाखवायचं नाही. ब्राझीलच्या काका नावाच्या प्लेयरने २००७ च्या चॅम्पियन्स लीग फायनलनंतर "मी येशूचा" लिहिलेला टीशर्ट दाखवला होता तसलं आता चालत नाही. पण छातीवर क्रूस करणं, आकाशाकडं बोट करणं, सजदा, ह्याला कुणी अडवत नाही आणि अडवू पण नये. सचिन शतक झालं की वर बघायचा, तेव्हा तुम्हाला जर्सी आठवली नव्हती. माझं भांडण माझ्याच घरातलं आहे, त्यावर बाहेरच्यांनी पोळी भाजू नये.

निपाणी एक्सप्रेस

बरं बरं. तापू नका. सचिनचा मुद्दा मान्य, बाकी नाही.

जुनं मिशन कंपाउंड

एरिक लिडेलचं नाव अजून कसं निघालं नाही? १९२४ पॅरिस ऑलिंपिक. १०० मीटरच्या हीट्स रविवारी म्हणून पळणार नाही म्हणाला. 'चॅरियट्स ऑफ फायर' सिनेमामुळं लोकांना वाटतं त्याला जहाजावर चढताना कळलं, तसं नाही, कित्येक महिने आधी कळलं होतं आणि तेवढे महिने त्यानं ४०० ची तयारी केली, जी त्याची शर्यतच नव्हती. ४७.६ सेकंद, सुवर्ण.

आता सगळे पास्टर इथं थांबतात, देवाने आज्ञा पाळणाऱ्याचा सन्मान केला, आमेन. मी थांबत नाही. लिडेल पुढं मिशनरी म्हणून चीनला गेला, लंडन मिशनरी सोसायटीतर्फे. हीच सोसायटी १८२० ला आपल्या बेळगावात आली होती, नंतर इथलं काम मेथडिस्टांकडं गेलं, आमचं कंपाउंड त्यातलंच, म्हणून आम्हाला तो घरचा वाटतो. युद्धात जपान्यांनी त्याला चीनमधल्याच वेइशियनच्या कॅम्पमध्ये कोंडलं. तिथं बंद पोरांसाठी तो खेळ लावायचा, पण रविवारी नाही. मग एका रविवारी पोरांनी आपापली हॉकीची मॅच लावली आणि रेफ्री नाही म्हणून मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः शिट्टी घेऊन मैदानात. जो माणूस ऑलिंपिकच्या सुवर्णासाठी रविवारी पळाला नाही, तो दुसऱ्यांच्या पोरांच्या भांडणासाठी उतरला. आणि सुटका व्हायच्या काही महिने आधी, फेब्रुवारी १९४५ ला, मेंदूतल्या गाठीनं तिथंच गेला. ४३ वर्षांचा.

आता सांगा, देवाने त्याला जिंकवलं का हरवलं? "देवाने जिंकवलं" वाल्यांकडं ह्या दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर नाही आणि थर्ड अंपायरकडं त्या रविवारच्या शिट्टीचं नाही. श्वास जाग्यावर आणायला कुणी असली शिट्टी वाजवत नाही.

थर्ड अंपायर

चांगलं लिहिलंय, पण शिट्टीचं उत्तर आहे माझ्याकडं: भला माणूस होता. भलेपणाला देव लागत नाही.

आणि लिडेल सांगितलात तर जोनाथन एडवर्ड्स पण सांगा की, तो चर्चमध्ये कुणी सांगत नाही. इंग्लंडचा तिहेरी उडीवाला, पाळकाचा मुलगा. रविवार म्हणून १९९१ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप सोडली. दोनेक वर्षांनी मत बदललं, रविवारी खेळायला लागला, १९९५ ला १८.२९ मीटर, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. २००० ला ऑलिंपिक सुवर्ण. टीव्हीवर भक्तिगीतांचा कार्यक्रम करायचा. आणि रिटायर झाल्यावर काही वर्षांत म्हणाला, माझा आता देवावर विश्वास नाही. खेळात जो आत्मविश्वास लागत होता तो श्रद्धेतून यायचा, खेळ थांबला आणि प्रश्न विचारायला सवड मिळाली. माणूस खोटा नव्हता. प्रामाणिकपणे विचार केला आणि तिथं पोचला. धागाकर्त्या, तू पण त्याच रस्त्यावर आहेस, घाबरू नकोस.

संडेस्कूल अक्का

घाबरवालास तूच त्याला. एडवर्ड्सबद्दल मला राग नाही, खरं बोलला, आमच्यात कितीतरी जण आयुष्यभर खोटं बोलून पहिल्या बाकावर बसतात. पण प्रश्न विचारला म्हणजे रस्ता बाहेरच जातो हे कुणी सांगितलं? पंडिता रमाबाईंनी १८८३ ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्याच सिस्टरांशी त्रैक्यावरून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) पत्रातून कडाकडा भांडल्या. मानणार नाही म्हणाल्या जोवर मला पटत नाही. शेवटपर्यंत ख्रिस्तीच राहिल्या. आणि मार्कच्या नवव्या अध्यायातला तो आजारी पोराचा बाप, विश्वास आहे म्हणतो आणि त्याच दमात माझा अविश्वास घालव म्हणतो. प्रभूने त्याला आधी नीट ठरवून ये म्हणून परत पाठवलं काय? पोराला बरं केलं.

उजवा बॅक

अक्का, इथंच तर अडतंय. त्याच्या पोराला बरं केलं. माझ्या भावाला नाही केलं.

संडेस्कूल अक्का

होय रे.

मला उत्तर नाही. आमचे हे गेले तेव्हा पण मी हेच विचारलं होतं. लूकमध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले ती गोष्ट आहे, तिथं प्रभू एवढंच सांगतो की ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं समजू नका. का पडला ते सांगत नाही. मी तीस वर्षं पोरांना तो धडा शिकवते आणि दर वर्षी एक तरी पोर विचारतं, मग का पडला मिस. मी फळा पुसायला वळते.

पण तुझ्या बंदीला माझा विरोध आहे तो आहेच. माइक काढून घेतलास तर आभार पण आटतील. त्यापेक्षा हरलेल्याला पण माइक दे.

खानापूरचा पाव्हणा

हे बेस्ट. हरलेल्या कॅप्टनला नारळाबद्दल दोन शब्द बोलायला लावा. गर्दी होईल.

जुनं मिशन कंपाउंड

हरलेल्याची साक्ष आमच्या चर्चमध्ये एकदा झालेली आहे. एक बाई उठल्या, म्हणाल्या, तीन वर्षं मागितलं, मिळालं नाही, तरी आलेय, आणि खाली बसल्या. पेटीवाल्याला पुढचं गीत सुरू करायला धड मिनिटभर सुचलं नाही.

उजवा बॅक

अपडेट. अक्का बोलल्या म्हणून काल रात्री भावाला विचारलं. दोन वर्षांत विचारलं नव्हतं, आमच्यात असलं बोलायची पद्धत नाही, मॅचवर बोलतो आम्ही. म्हटलं त्या रविवारी टाळ्या का वाजवल्यास?

तो मोबाइलमधून वर पण बघेना. म्हणाला, फायनलला त्याची फ्रीकिक बघितलास नव्हं, वॉलच्या वरून, जवळच्या पोस्टला घासून. मी उभा असतो तरी गेली असती. म्हणून वाजवल्या.

मी म्हटलं आणि देवाने कप दिला म्हणाला ते? तर म्हणे, ते माझं आणि देवाचं वेगळं चाललंय, त्यात तू पडू नको. मग जरा वेळानं, शनिवारी येतोस काय मैदानात, आठ-दहा बारकी पोरं येतात, मी त्यांना कीपिंग शिकवालोय, मला वाकून बॉल मारता येत नाही, मारायला कुणी पायजे.

मला हे माहीतच नव्हतं. आईला माहीत होतं.

माझं मत बदललं नाही, साक्षीला मी अजून बाहेरच जाणार. थर्ड अंपायर, तुझ्या रस्त्यावर आहे का नाही माहीत नाही, पण मला वाटतंय मी गाडीजवळच उभा आहे.

थर्ड अंपायर

गाडी लॉक कर. फ्रीकिकचा व्हिडिओ असला तर टाक.

संडेस्कूल अक्का

शनिवारी किती वाजता? माझ्या नातवाला ग्लव्हज घेतलेत, दोन महिने झाले, घरातच घालून फिरतोय.