सोलापुरात स्पोर्टचे घोडे तयार करून विकायचेत: घोडी भरवू का शिंगरू घेऊन शिकवू?

होटगीरोड_पागा

नमस्कार मंडळी. होटगी रोडला आमची छोटी रायडिंगची पागा आहे, शाळेची पोरं येतात, आता मोठी माणसं पण यायलेत. पोरं जरा पुढं गेली, उड्या घ्यायला लागली की त्यांना स्वतःचा घोडा पाहिजे असतो आणि इथं सोलापुरात तसा शिकवलेला घोडा मिळतच नाही, मग पालक पुण्या-मुंबईला फोन लावतात आणि भाव ऐकून गप्प बसतात. म्हणून मनात आलंय की आपणच स्पोर्टचे घोडे तयार करून विकावेत.

माझ्याकडं रेसमधून रिटायर झालेली थरोब्रेड घोडी आहे, ९ वर्षांची, कुमेत (तांबूस अंग, काळी आयाळ), स्वभावानं एकदम गरीब, ९० सेंमी आरामात उडते, नवीन पोरगं बसवलं तरी कान पाडत नाही. पंढरपूरकडच्या मित्राचा काळा मारवाडी नर आहे, देवमण आहे (गळ्यावरचा शुभ मानतात तो भोवरा), चारी पाय पांढरे, तो म्हणतोय घोडी आण आणि भरवून जा, पैसे नको. दुसरं असं की गेल्या दिवाळीत अकलूजच्या बाजारातनं एक मारवाडी शिंगरू घेतलं, ते आता २ वर्षांचं व्हायलंय, उंची चांगली घेतलीय. पुण्याचं एक गिऱ्हाईक बघून गेलं, त्याला आवडलंय पण म्हणतंय येत्या दिवाळीपर्यंत बसून शिकवून द्या, मग पैसे देतो.

तर विचारायलोय की घोडी भरवावी का? शिंगराच्या पाठीवर आत्ता बसावं का? आणि स्पोर्टच्या घोड्याचा भाव ठरतो कशावर? चारा घरचाच आहे, मालदांडीचा कडबा, नेपियर आणि थोडा लसूणघास, त्यामुळं खाण्याचा खर्च तसा कमी येतो.

अकलूजकर_पाटील

दादा, बाजारात लहानपणापासून फिरतोय म्हणून सांगतो. आमच्याकडं दिवाळी पाडव्यापासून बाजार भरतो, पंजाब, राजस्थान, गुजरात, यूपी सगळीकडनं माल येतो, आणि तिथं पैसे कशाला मिळतात तर रंग, उंची, कान, भोवरे आणि चाल. नुकरा म्हणजे पांढराशुभ्र असला की लग्नवाले उचलतात. पंचकल्याणी (चारी पाय आणि तोंड पांढरं), देवमण म्हणलं की शौकीन माणूस भाव करत नाही. रेवाल चालीचा घोडा, वर बसलेल्याच्या हातातला चहा सांडू नये असा, त्याला तर वेगळीच किंमत.

पण हे सगळं शौकाचं गिऱ्हाईक. तुमच्या पोराला उडी घ्यायचीय, त्याला देवमणाचा काय उपयोग? मित्राचा नर फुकट मिळतोय म्हणून घोडी भरवू नका, आधी विचारा की तो नर कधी खोगिराखाली कामाला गेलाय का, का नुसता नाचकामाला आणि फोटोला उभा केलाय. त्याच्या पोटची शिंगरं कुठं आहेत, काय करतायत, पायानं नीट आहेत का, ते जाऊन बघा. सारंगखेड्याला असो नाहीतर माळेगावच्या खंडोबाला, नर बघताना लोक तोंडाकडं बघतात. मी पाय बघतो आणि मग त्याची पोरं बघतो.

शिंगरावर आत्ता बसू नका. गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतंय.

रेसप्रेमी_कॅम्प

पाटील, बाकी पटलं पण रेसचे घोडे २ वर्षांचे असतानाच पळतात की. मग मारवाडीला काय झालं? उगाच ४ वर्षं उभं करून खायला घालायचं म्हणजे धंदा कसा होणार.

जनावरांचा_डॉक्टर

रेसच्या घोड्यावर बसणारा माणूस पन्नास-पंचावन्न किलोचा असतो, काम थोड्या मिनिटांचं असतं आणि तरीही किती घोडे पाय जाऊन बाहेर पडतात ते रेसकोर्सवाल्यांना विचारा. आणि महालक्ष्मीवरची इंडियन डर्बी बघा, सगळ्यात मानाची शर्यत, ती ४ वर्षांच्या घोड्यांची असते.

हाडाचं गणित असं आहे. शिंगराची हाडं खालनं वर पक्की होत जातात. खुराजवळची लवकर होतात, गुडघ्याच्या वरच्या हाडाचं वाढीचं टोक साधारण दोन-अडीच वर्षाला बंद होतं आणि पाठीचे मणके सगळ्यात शेवटी, पाच-साडेपाच वर्षाला. उंची झाली म्हणजे घोडा झाला असं नाही, उलट उंच शिंगरूच जास्त कच्चं असतं. आणि २ वर्षांचं म्हणजे खरंच २ आहे का तेही तोंड उघडून बघा. समोरचे मधले दोन दुधाचे दात पडून पक्के यायला अडीच वर्षं लागतात, त्याच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. बाजारात वय सांगताना लोक सोयीचं सांगतात.

आता घोडी. भरवायचीच असेल तर दिवस मोठा व्हायला लागला की, फेब्रुवारी-मार्चमध्ये. गाभण काळ ११ महिन्यांचा, म्हणजे पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत शिंगरू पडतं आणि आपला एप्रिल-मेचा बेचाळीस-त्रेचाळीसचा पारा यायच्या आत जरा अंगात जीव धरतं. नर दाखवल्यावर १४ ते १६ दिवसांत सोनोग्राफी करून घ्यायचीच, जुळं असेल तर तेव्हाच कळतं, घोडीला जुळं झेपत नाही, बहुतेक वेळा दोन्ही जातात आणि कधी घोडीलाही घेऊन जातात. व्याल्यावर शिंगरू तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत प्यायला लागलं पाहिजे, तीन तासांत जार पडला पाहिजे. यातलं एक जरी झालं नाही तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता फोन लावायचा. पहिलं चीक पोटात गेलं नाही तर शिंगराला प्रतिकारशक्ती मिळतच नाही, २४ तासांनंतर पाजून काही उपयोग होत नाही.

आणि तुमच्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य वाचून थांबलो. नेपियर किती घालताय? त्याच्यात ऑक्झलेट भरपूर असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं. गाईच्या पोटातले जंतू ते पचवतात, घोड्याला ती सोय नाही. वर गव्हाचा कोंडा घालत असाल तर फॉस्फरस आणखी चढतं, मग शरीर हाडातलंच कॅल्शियम ओढायला लागतं. घोडा आधी कारण नसताना कधी या पायानं कधी त्या पायानं लंगडतो, नंतर जबड्याची हाडं फुगतात. वाढत्या शिंगराला आणि गाभण घोडीला तर हे फारच वाईट. कडबा चांगला आहे, पण नुसत्या कोरड्या कडब्यावर पाणी कमी पडलं की पोटशूळ ठरलेला, उन्हाळ्यात पाण्याचा हौद कायम भरलेला पाहिजे.

अजून एक, बाजारातनं आणलेल्या शिंगराची ग्लँडर्सची तपासणी झालीय का? नसेल तर गावातल्या सरकारी दवाखान्यातनं रक्ताचा नमुना पाठवा. हा रोग माणसाला होतो, पॉझिटिव्ह आला तर २००९च्या कायद्याप्रमाणं जनावर मारावं लागतं. तुमच्याकडं शाळेची पोरं येतात, म्हणून जोर देऊन सांगतोय.

शिकवणारी_ताई_पुणे

मी पुण्यात घोडे शिकवते आणि विकायला मदतही करते, त्यामुळे भावाबद्दल सांगते. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक विचारतं की घोडा काय करतो, कुणाला घेऊन करतो आणि उद्या परत तसंच करेल का. रंग शेवटी. बारा वर्षांच्या मुलीला पाठीवर घेऊन अनोळखी मैदानात शांतपणे ८० सेंमीचा राउंड करणारा घोडा, दिसायला साधा असला तरी, नुसत्या देखण्या कोऱ्या घोड्यापेक्षा लवकर विकला जातो आणि त्याला पैसेही जास्त मिळतात. तुम्ही विकणार आहात ते त्याच्यावर घालवलेले महिने.

हिशोब मांडून बघा. घोडी भरवली तर शिंगरू यायला जवळपास वर्ष, पुढे ५ वर्षांचं झाल्यावर ते धड विकण्यासारखं होणार. महिन्याला १० हजार जरी धरले, चारा, चंदी, नाल, मोतद्दार, औषधं मिळून, तरी जन्मापासून ६ लाख झाले आणि यात अजून तुमची मेहनत धरलेली नाही. शिवाय घोडी गाभण राहिली की अर्ध्यानंतर काम बंद, पुढे सहा महिने शिंगरू अंगावर, म्हणजे शाळेतली सगळ्यात भरवशाची घोडी वर्षभर गेली. आणि थरोब्रेड-मारवाडी मिळून जे होईल त्याची नोंद ना थरोब्रेडच्या स्टडबुकात ना मारवाडीच्या. काम करणाऱ्या घोड्याला त्याने फरक पडत नाही, पण कोरा विकायला गेलात तर कागदच नाही आणि करून दाखवायलाही काही नाही.

मारवाडी स्पोर्टला चालत नाही असं मात्र कुणी म्हणू नका. टेंट पेगिंगला (पळत्या घोड्यावरून भाल्याने खुंटी उचलणं), एन्ड्युरन्सला (लांब पल्ल्याच्या शर्यती) उत्तम, ऊन सोसतात, खुरं दगडासारखी असतात. फक्त रेवालचा सराव पक्का झालेला असेल तर दुडकीत (ट्रॉट) समोरचा-मागचा तिरका जोड एकत्र पडत नाही, आणि ड्रेसाज (इशाऱ्यावर शिस्तीत चाली करून दाखवणं) काय किंवा जंपिंग काय, सगळा पाया दुडकी आणि कँटरवर (दुडकीपेक्षा वेगाची चाल) आहे. तुमच्या शिंगराला मोकळं सोडा आणि बघा, स्वतःहून दुडकीत जातं का. जात असेल तर त्याला रेवाल शिकवूच नका, मग बाजारवाले काहीही म्हणोत.

बसायचं नाही म्हणजे शिकवायचं नाही असं नाही. आत्ता त्याला म्होरकीत शेजारून चालायला शिकवा, चारी पाय उचलू दे, नालबंद आला की धिंगाणा नको. हाताने खरारा करताना पोट, मांड्यांची आतली बाजू, कान सगळीकडे हात फिरला पाहिजे. जमिनीवर दांड्या टाकून त्यावरून चालवा. लाँजिंग (लांब दोरीवर गोल फिरवणं) थोडंच, मोठ्या गोलात, कारण लहान गोल सांध्यांवर फार ताण देतो. उसाचे ट्रॅक्टर, डीजे, शाळेची घंटा हे सगळं त्याला लांबून दाखवत जवळ न्या. तीन वर्षं संपत आली की खोगीर बांधा, काही दिवस रिकामं फिरवा. मग हलक्या वजनाचा माणूस आधी नुसता आडवा पोटावर टेकतो, पाय टाकत नाही, एकजण डोक्याशी उभा राहतो. त्या वेळी मी घोड्याच्या तोंडाकडे बघते. ओठ घट्ट आवळलेले, श्वास धरलेला असेल तर उतरायचं. जबडा चघळायला लागला, मान खाली सोडून मोठा श्वास टाकला की मगच पाय पलीकडे जातो. चौथं वर्ष चाल, दुडकी, कँटर, पाचव्यात लहान उड्या.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला सरळ सांगा, आत्ता जसं आहे तसं घेऊन जा नाहीतर थांबा. दिवाळीपर्यंत बसवून दिलेलं शिंगरू पुढे पाठीने जाऊ शकतं आणि तेव्हा नाव तुमच्या पागेचं खराब होतं.

भीमाकाठ_मोहोळ

मला एक सुचवायचंय. लहान पोरांसाठी पोनीचा विचार कुणीच करत नाही. आपल्या भीमेच्या नावाची भीमथडी जात आहे, आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद पण झालीय. धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन सगळा माळ तुडवणारी तट्टं ही, मराठ्यांच्या फौजेत हीच होती. उंचीला लहान, पायाला काटक, चाऱ्याला कमी. आठ-दहा वर्षांच्या पोराला १६ हाताच्या (खांद्याशी साधारण सव्वापाच फूट) थरोब्रेडवर बसवून घाबरवण्यापेक्षा असं तट्टू नीट शिकवलं तर सोलापुरातच गिऱ्हाईक आहे, पुण्याला जायची गरजच नाही. धनगराकडनं घेताना मात्र पाठीवर ओझ्याच्या जुन्या जखमा आहेत का ते बघा, आणि वय झालेलं घ्या, ५-६ वर्षांचं.

होटगीरोड_पागा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. घोडी भरवायचं रद्द, पोरांना तीच लागते. गिऱ्हाइकाला आजच फोन करून सांगतो. भीमथडीचं फार आवडलं, मंगळवेढ्याकडं वाडे उतरतात तिकडं चौकशी करतो. ग्लँडर्सचा नमुना उद्याच पाठवतो, तोवर शिंगरू वेगळं बांधू का?

डॉक्टर, नेपियर निम्म्यापेक्षा जास्त आहे आणि कोंडा रोज घालतो. एकदम बंद करू का? आणि ताई, रेसमधून सुटलेला अजून एखादा घोडा घेऊन तयार करायचा म्हणलं तर काय बघून घ्यायचा?

जनावरांचा_डॉक्टर

शिंगरू वेगळंच बांधा, बादली, खरारा, म्होरकी सगळं वेगळं, आणि रिपोर्ट येईपर्यंत पोरांना जवळ जाऊ देऊ नका. चारा एकदम बदलायचा नाही, पोटशूळ होईल. आठ-दहा दिवसांत नेपियर कमी करत कडबाकुट्टी आणि लसूणघास वाढवा. लसूणघासात कॅल्शियम भरपूर, तोच आपल्या कामाचा. कोंडा हळूहळू बंद, चंदीत मिनरल मिक्स्चर आणि मीठ. जबड्याच्या दोन्ही बाजूंनी हात फिरवून बघा, कुठं फुगवटा लागला तर लगेच कळवा.

शिकवणारी_ताई_पुणे

रेसमधून आलेल्या घोड्याचे पुढचे पाय आधी. गुडघ्याखाली मागच्या बाजूला शिरा (टेंडन) असतात, तिथे अंगठा आणि बोटांनी वरून खालपर्यंत दाबत या, दोन्ही पायांची तुलना करा. एका पायाची शीर जाड, गरम किंवा धनुष्यासारखी मागे फुगलेली लागली की जंपिंगला नको. मग कठीण जमिनीवर दुडकीत समोरून बघा, पुढचा दुखरा पाय टेकला की घोडा डोकं वर उचलतो. बाजारात दुखणं लपवायला सुई टोचून आणलेला असू शकतो, म्हणून पैसे देण्याआधी आपल्या डॉक्टरकडून रक्त आणि एक्स-रे. चिप आणि पासपोर्ट जुळतोय का तेही बघायचं. आणि रेस सुटल्याबरोबर कामाला घेऊ नका, दोन-तीन महिने मोकळा चरू दे, त्याला आधी नुसतं हळू चालायला शिकवावं लागतं.

कुठला बघितलात तर व्हिडिओ इथंच टाका. बाजूनं आणि समोरून, दोन्ही बाजूंच्या गोलात, लगाम सैल सोडून.